सपाटीचा उतार

वारा सुटायच्या आत सगळी टेबलं झोपवा, असा कंपनीचा निरोप आला आणि आमच्या ह्यांचा खांदा नेमका त्याच आठवड्यात कामातून गेला. आमचं नशीबच तसलं, दुसरं काय म्हणणार!

टेबल म्हणजे जेवायचं नव्हे. लोखंडी खांब, खांबांवर आडवा पाइप, पाइपवर चौकट आणि चौकटीत उन्हावर वीज करणाऱ्या काचा, एवढ्या सगळ्याला मिळून आम्ही टेबल म्हणतो. एकेक टेबल खोलीच्या भिंतीएवढं. थंडीत सूर्य खालून जातो तेव्हा ते उभट ठेवायचं, उन्हाळ्यात तो डोक्यावर येतो तेव्हा आडवं करायचं, आणि वाऱ्याचे दिवस आले की जवळजवळ निजवायचं. नाहीतर वारा खाली शिरतो आणि चौकटीसकट उचलून नेतो. आपोआप फिरणारी टेबलं असतात म्हणे कुठे कुठे. आमच्या कंपनीला ती परवडत नाहीत. आम्ही परवडतो. कंपनीचे लोक त्याला कोन म्हणतात, आम्ही झोप म्हणतो. या ओळीला झोप कमी पडली, त्या टेबलाला अजून जरा झोपव, असं दिवसभर चालतं.

रान आमचंच होतं. सासऱ्यांनी ते कंपनीला भाड्याने दिलं तेव्हा घर तेवढं सोडलं नाही. मग कंपनीने कुंपण बाहेरून घातलं आणि घर आत राहिलं, चहूकडून काचा. अट अशी की घरातलं एक माणूस कंपनीच्या कामावर आहे तोवर घरात राहा. कुणी कामावर नसेल त्या दिवशी घर रिकामं करा. सासरे गेले, अट राहिली. आता दळण आणायला जायचं तरी फाटकावर कार्ड दाखवायचं. माझी ताई भेटायला आली की वॉचमन तिला विचारतो, काय काम आहे? बहिणीला बहिणीकडे काय काम असणार? तिने एकदा रागाने त्याला सांगितलं, भांडायला आलेय. तर म्हणाला, मग वहीत तसं लिहा.

कामावर नाव ह्यांचं. सगळे ह्यांना मुकादम म्हणतात, ह्यांची आईसुद्धा. माझे दीर आणि जाऊबाई कुंपणाबाहेर वेगळे राहतात, ते मोसमापुरते रोजावर येतात, आणि मीही तशीच रोजावर; रोजावरचं माणूस कंपनी कामावर धरत नाही. टेबलाचं काम असं असतं. तिघांनी खाली शिरून, हात वर करून चौकट धरायची. चौथ्याने बोल्ट सैल करायचा. मुकादमाने 'हं' म्हटलं की तिघांनी मिळून ढकलायचं, टेबल मधल्या पाइपावर फिरतं. कोन जमला की बोल्ट आवळायचा आणि मगच हात काढायचे. शिंक आली तरी मध्ये सोडायचं नाही. एकाने सोडलं की उरलेल्या दोघांच्या डोक्यात ते बसलंच म्हणून समजा.

इतकी वर्षं जड कोपरा हे धरायचे. ह्या वेळी पाना हातात घेऊन म्हणाले, "मी बोल्ट बघतो. मुकादमाने लक्ष ठेवायला हवं."

"एवढे दिवस काय झोपा काढत होतात काय?" दीर हसत म्हणाले आणि जड कोपऱ्याला गेले. त्यांना काही कळलं नाही. जाऊबाईंना कळलं असावं, पण त्यांनी मुकाट आपला कोपरा धरला.

मला मात्र सकाळीच कळलेलं असायचं. शर्टाची उजवी बाही आधी घालायची, मग पाठीमागून डावी, हे मी करायची. केस मी विंचरायची. तो हात छातीच्या वर जायचाच नाही. जबरदस्तीने नेला की ओठ पांढरे पडायचे. रात्री गरम मिठाची पुरचुंडी करून शेकलं तर माझ्यावरच ओरडायचे, "भाजतेस काय मला?"

"भाजून खाण्यासारखं काही उरलंय का तुमच्यात?"

मी पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवायची. पलीकडे सासूबाई कूस बदलायच्या. त्या घरात गुपित ठेवायचं म्हणजे कपाळच.

टेबलाचा बोल्ट छातीशी येतो, म्हणून निभत होतं. हे डाव्या हाताने आवळायचे आणि पाना तसाच बोल्टवर ठेवून पुढे सरकायचे. डाव्याला कुठली एवढी ताकद? मग चप्पल नीट करायच्या निमित्ताने मी मागे राहायची आणि पान्याला दोन्ही हातांनी हिसका द्यायची. प्रत्येक टेबलाला. ते बघून न बघितल्यासारखं करायचे, मीही केलं न केल्यासारखं.

आणि हे सगळं मी का करत होते, हे माझं मला कळत नव्हतं. कारण मला तिथून सुटायचं होतं. ताईचं शहरात शिवणकामाचं दुकान आहे, शाळेचे गणवेश शिवते. दुकानामागच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. तिला कापड बेतायला हाताखाली भरवशाचं माणूस हवं होतं आणि माझा हात चांगला आहे, हे मी स्वतः सांगते, कुणी सांगायची वाट बघत नाही. "तुम्ही तिघं या," ताई म्हणाली होती. "हा मोसम संपला की या. मी खोल्या कुणाला देत नाही." मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "आईला विचार." आईंना विचारलं, त्या म्हणाल्या, "त्याला विचार." असा चेंडू इकडून तिकडे फिरत होता. कंपनीला खांद्याचं कळलं असतं तर सगळा प्रश्नच मिटला असता. नुसतं एकदा बोलायचं होतं. आणि मी पान्याला हिसके देत होते.

वरचं रान दगडाचं, तिथे काम हळू चाललं. कोन मोजायला आमच्याकडे एकच डबी होती. मुठीत मावेल एवढी, पाठीला चुंबक, आत काटा. ती चौकटीला चिकटवायची, काटा बघायचा, जरा खाली, जरा वर, पुन्हा बघायचा. आम्ही हात वर करून ताटकळत उभे. काचांचं ऊन खालून तोंडावर यायचं, घाम कोपरांतून काखेत, काखेतून कमरेत. जाऊबाई म्हणाल्या, "मुकादम, काटा बघताय की पंचांग?"

तेव्हा ह्यांनी डोकं चालवलं. पहिली ओळ डबीने नीट लावली. मग टेबलाची खालची कड जमिनीपासून किती उंच राहिली त्या मापाची एक काठी तोडली. पुढच्या टेबलाला डबीची गरजच नाही. काठी उभी करायची, कड काठीला टेकली की आवळा बोल्ट.

"मुकादमाचं डोकं म्हणजे डोकं!" दीर म्हणाले.

हे लाजले. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना तसं बघितलं. खांद्याने घालवलेलं काठीने परत मिळवून दिलं होतं. काम धडाधड सुटलं. वरचं रान झालं आणि आम्ही सपाटीत उतरलो.

सपाटी म्हणजे घराखालचा तुकडा. सासऱ्यांनी तरुणपणी एका उन्हाळ्यात बैल जुंपून, फळी ओढून तो सारखा केला होता. फळीला वजन हवं म्हणून ह्यांना लहानपणी तिच्यावर बसवायचे. ती गोष्ट मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. ताटासारखी जमीन आहे, गोटी ठेवली तर हलणार नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सपाटीतली टेबलं तर काठीने बघता बघता झाली. मी मागून हिसके देत होते, तळव्यांना फोड आले होते, पण खरं सांगते, मलासुद्धा बरं वाटत होतं.

मग मॅडम तपासायला आल्या. कंपनीच्या इंजिनिअर, वयाने आमच्या जाऊबाईंहून लहान, पायात बूट, डोक्याला टोपी. कुणाला अरेतुरे करत नाहीत, ह्यांना काका म्हणतात. वरचं रान बघून म्हणाल्या, "छान झालंय काका." सपाटीत आल्या, डबी चिकटवली, काटा बघितला. दुसरं टेबल. तिसरं. पलीकडच्या ओळीत गेल्या. परत आल्या.

"काका, इथली सगळी टेबलं उभी राहिलीत. झोप कमी आहे."

"असं कसं होईल? काठी तीच आहे."

"कसली काठी?"

ह्यांनी काठी दाखवली, अगदी ऐटीत. मॅडमनी ती हातात घेतली, जमिनीवर उभी केली आणि वाकून तिच्या बुडाशी जमीन बघितली.

"काका, कोन जमिनीपासून मोजत नाहीत. पातळीपासून मोजतात. ताटात पाणी ओतलं की ते जसं आडवं राहतं ना, ती पातळी. टेबल तिच्यापासून किती कललंय, तो कोन. इथली जमीन पुढे उतरत गेलीय. तुमची काठी उतारावर उभी राहिली, म्हणून टेबलाची कडही तेवढीच खाली आली."

"ही जमीन उतरत नाही," हे म्हणाले. "ही सपाटी आहे."

"थोडा उतार आहे काका."

"माझ्या वडिलांनी केलीय ती. मी फळीवर बसलेलो आहे."

मॅडमनी वाद घातला नाही. खोक्याची एक फळी आणली, जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर डबी. काटा सरकला. ह्यांनी डबीसकट फळी उलट दिशेला फिरवली. काटा तेवढाच सरकला, दुसऱ्या बाजूला. "फळी वाकलीय," म्हणाले. दुसरी जागा बघितली, पायाने माती सारखी केली, गुडघ्यावर बसून फुंकर मारून धूळ उडवली. काटा काही ऐकेना. दीर फिसकन हसले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की तीच फळी घेऊन त्यांच्या पाठीत घालावी.

"शेताला एवढा उतार लागतोच काका," मॅडम हळूच म्हणाल्या. "नाहीतर पाणी तुंबेल. वडिलांचं काही चुकलेलं नाही." त्या वाईट बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या. "पण सपाटी सगळी परत करावी लागेल. उद्याच. वारा लवकर येतोय म्हणतात. मी स्वतः थांबेन."

संध्याकाळी हे जेवायचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन खाली गेले. मी दारातून बघत होते. ताट जमिनीवर ठेवलं, काठोकाठ भरलं आणि उकिडवे बसून बघत राहिले. मग उठून दुसरीकडे बसले. परत आले तेव्हा विजारीचा पाय भिजला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. ताट घासून ठेव."

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. म्हणाल्या, "उतार आहेच तिथे. पाणी निघून जावं म्हणून त्यांनी मुद्दाम ठेवलेला. सपाटी आपलं कौतुकाने म्हणायचे."

"मग मला कधी सांगितलं का नाहीस?" हे ओरडले.

"तू कधी विचारलंस? तू आपला सगळ्यांना सांगत सुटायचास."

मी हसू दाबलं. पण ह्यांच्याकडे बघितलं आणि हसू गेलं. त्या दिवशी शेकताना ते ओरडले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुसऱ्या दिवशी सपाटीत पहिल्याच टेबलाला गाडं अडलं. बोल्ट सुटेना. सुटणार कसा? प्रत्येक बोल्ट मी जीव खाऊन आवळलेला. ह्यांनी डाव्या हाताने पाना लावला, जोर केला, पाना निसटला. पुन्हा लावला. मॅडम शेजारीच डबी घेऊन उभ्या. मी "थांबा, मी बघते" म्हणून पुढे झाले तर ह्यांनी डोळे वटारले. मग त्यांनी उजवा हात घातला. बोल्ट सुटला. काय लागलं असेल त्याला, ते माझं मलाच माहीत. कपाळावर एकदम घामाचे थेंब उभे राहिले. तसंच दुसरं टेबल, तसंच तिसरं. आपल्याच हातांनी आवळलेले बोल्ट नवऱ्याचा खांदा पिळवटून काढताना बघायचे, आणि बोलायची चोरी. अशी मी मूर्ख.

दुपार कलायच्या आधीच वारा आला. आधी धुळीचे भोवरे, मग सरळ झोत. मॅडम म्हणाल्या, "ही एकच ओळ उरलीय, करूनच थांबू." शेवटच्या टेबलाचा बोल्ट सैल झाला, आम्ही तिघांनी धरलं, झोपवलं, मॅडमनी काटा बघितला, "बस, आवळा!" आणि वारा खाली शिरला. टेबल जिवंत झाल्यासारखं वर उसळलं. जाऊबाई किंचाळल्या. माझे पाय जमिनीवरून सुटले की काय असं वाटलं.

"आवळा ना!" दीर ओरडले.

हे आवळत नव्हते. पाना खाली पडला होता आणि उजवा हात कुणी दुसऱ्याचा असावा तसा लोंबत होता. डाव्या हाताने ते खाली चाचपडत होते, धुळीत पाना सापडत नव्हता.

पाना मॅडमनी उचलला. त्यांना सवय नव्हती, पण गुडघे टेकून आवळायला लागल्या. आम्ही तिघं वर हात करून तसेच. सासूबाई पाण्याची किटली घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या.

"कधीपासून आहे काका हे?" आवळता आवळता मॅडम म्हणाल्या.

ह्यांनी डाव्या हाताने उजवा कोपर धरला.

"हात वर करून दाखवा."

ह्यांनी केला. कमरेपर्यंत आला आणि थांबला. सगळ्यांच्या देखत. दिरांनी तोंड फिरवलं.

"काका, तुमचं नाव मला काढावं लागेल. राग मानू नका. आज कुणाच्या तरी डोक्यात बसलं असतं हे टेबल."

आणि काय सांगू, मला आनंद झाला. नवरा तसा उभा, आणि मला आनंद झाला. दोन खोल्या दिसल्या. रस्त्यावर उघडणारं दार दिसलं, ज्यातून कार्ड न दाखवता बाहेर पडता येतं. हात दुखत होते, डोळ्यांत धूळ होती आणि आतून मी हसत होते. लाज वाटते सांगायला, पण होतं ते असं होतं.

"मग घर?" सासूबाईंनी विचारलं.

मॅडम थांबल्या. त्यांच्याही ध्यानात तेव्हाच आलं असावं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "घरातलं दुसरं कुणी चालतं. वहिनी, तुम्ही याल कामावर? तुम्हाला सगळं येतं. तुमचं नाव मी घालते."

"ती करेल," हे म्हणाले.

"करेल की," सासूबाई म्हणाल्या. "न करायला काय झालं?"

"त्यांना बोलू द्या," मॅडम म्हणाल्या.

माझे दोन्ही हात वर गुंतलेले. तोंड मोकळं होतं. जाऊबाई चौकटीखालून माझ्याकडे टक लावून बघत होत्या. मी काहीच बोलले नाही. तेवढ्यात बोल्ट बसला, मॅडम म्हणाल्या, "सोडा," आणि आम्ही हात खाली घेतले. "विचार करून सांगा वहिनी," मॅडम म्हणाल्या. "घाई नाही. संध्याकाळी फोन करा."

घरी आल्यावर मी भांड्यांची आदळआपट केली. ठरवूनच टाकलं होतं. नाही म्हणणार. ह्यांनी तोंड उघडलं की मी भांडणच काढणार होते. ती करेल! कोण ही ती? मी काय पाना आहे, ह्याच्या हातातून पडला की दुसऱ्याने उचलायला?

पण भांडायला कुणी आलंच नाही. आत बघते तर हे फळीवरची पेटी डाव्या हाताने खाली ओढत होते. ती त्यांच्या अंगावर यायच्या आत मी जाऊन धरली.

"हे काय चाललंय?"

"आवरतोय." माझ्याकडे न बघता म्हणाले. "तिथे मी उगाच बोलून गेलो. तुला काही करायचं नाही ते काम. जाऊ ताईकडे. तू म्हणत होतीस तेव्हाच जायला हवं होतं."

"आणि सपाटी?"

"कसली सपाटी!"

एवढंच म्हणाले आणि पेटीत स्वतःचे शर्ट टाकायला लागले, घड्या न घालता, एका हाताने बोळे करून. एकेक शर्ट टाकायचे आणि दाबायचे. मी कितीदा सांगितलंय की बोळे करू नका. त्या दिवशी सांगवेना.

सासूबाई दाराशी आल्या. त्यांनी ऐकलं होतं. रडल्या नाहीत, काही नाही. नुसतं विचारलं, "तिथे दाराबाहेर बसायला जागा आहे ना गं?"

ताईच्या दाराबाहेर गटार आहे आणि दुचाक्या लावलेल्या असतात.

"आहे," मी म्हणाले.

"मग झालं तर," त्या म्हणाल्या आणि आपली दोन लुगडी आणायला आत गेल्या. त्यांनी भांडायला हवं होतं. ह्या घरातून माझं मढं निघेल, असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मग मी त्यांना दोन्ही हातांनी ओढत नेलं असतं. पण ही दोघं मला अशी निमूट मोकळी करायला बसली, तिथे माझं काही चाललं नाही. पेटी अर्धी भरली होती तेव्हा मी अंगणात गेले आणि मॅडमना फोन केला. "घाला नाव," म्हणाले. त्या म्हणाल्या, "नक्की ना वहिनी? कुणी बळजबरी नाही ना केली?" मी म्हणाले, "छे, कुणी नाही."

आत येऊन सांगितलं. हे पेटीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. सासूबाईंनी लुगडी परत दोरीवर टाकली आणि चहा ठेवला. माझ्यासाठी त्यांनी स्वतः चहा केला, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, आणि साखर विसरल्या.

मग ताईला फोन लावला. ती मशीनवरच होती, मागे खडखड चालू होती. "खोल्या दे कुणाला तरी," मी म्हणाले.

मशीन थांबलं. "का? भावजी नाही म्हणाले?"

"नाही. ते पेटी भरत होते."

"मग म्हातारी अडून बसली?"

"तीही तयार होती."

"मग झालं काय? तुला कुणी विचारलंच नाही का?"

"विचारलं ना. सगळ्यांच्या देखत विचारलं. पण तेव्हा मी टेबल धरून उभी होते गं. वारा होता. माझे दोन्ही हात वर गुंतलेले."

ताईने कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. आणि हात खाली घेतल्यावर?"

मी फोन कानाला धरून उभी राहिले. काचांवर शेवटचं ऊन होतं, सगळी टेबलं नीट झोपली होती. ताई वाट बघत होती. हात तर केव्हाचे मोकळे होते.